ओटचा तांबेरा: प्रतिकाराचे नवे जनुक शोधत राहायचे की मंद तांबेऱ्यावर भर द्यायचा?

पर्णध्वज

ओटच्या पैदाशीत तांबेऱ्याच्या प्रतिकारासाठी जे काम होते, त्यातील एका प्रश्नावर जाणकारांशी सविस्तर बोलायचे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. ओटवर मुख्यतः दोन तांबेरे येतात. पहिला पक्सिनिया कोरोनाटा या बुरशीमुळे होणारा मुकुट तांबेरा. हिच्या हिवाळी बीजाणूंच्या टोकाला मुकुटासारखे दाते असतात, त्यावरून हे नाव पडले. दुसरा पक्सिनिया ग्रॅमिनिसच्या ओटवर वाढणाऱ्या प्रकारामुळे होणारा खोडावरील तांबेरा. या धाग्यात मी प्रामुख्याने पहिल्याविषयी बोलणार आहे, कारण नुकसानही त्याचेच अधिक असते आणि पैदासकारांची झोपही त्यानेच अधिक उडवली आहे.

मुकुट तांबेऱ्याला रोखणाऱ्या जनुकांना ‘पीसी’ ही अक्षरे आणि पुढे क्रमांक देण्याची पद्धत आहे. हे क्रमांक आता शंभरच्या घरात पोहोचले आहेत. इतकी मोठी शिदोरी असलेल्या पिकात हा रोग केव्हाच आटोक्यात यायला हवा होता, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र एखादा नवा जनुक घातलेले वाण प्रसारित होते, पहिली काही वर्षे पाने स्वच्छ राहतात, वाणाखालचे क्षेत्र वाढते आणि नेमक्या त्याच सुमारास त्या जनुकाला न जुमानणारी बुरशीची रेस, म्हणजे बुरशीचा उपप्रकार, वाढू लागते. उत्तर अमेरिकेत बाँड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या वाणाच्या संततीवर ४५ क्रमांकाची रेस उठली. त्यानंतर लँडहाफर आणि सांता फे या वाणांच्या प्रतिकारावर भिस्त ठेवली, तर २९० क्रमांकाची रेस पुढे आली. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात पीसी ३८ आणि पीसी ३९ ही जोडी चालली, ती निष्प्रभ झाल्यावर पीसी ६८ आला, त्याच्यामागून पीसी ९१ आणि पीसी ९४ आले. पीसी ९१ तर अव्हेना मॅग्ना या रानटी जातीतून मोठ्या खटपटीने आणलेला जनुक. तोही फार काळ पुरला नाही.

माझे मत असे झाले आहे की रोपावस्थेत पूर्ण प्रतिकार देणारा एकेक जनुक शोधून वाणात घालणे हा पैदाशीचा मुख्य कार्यक्रम असू नये. मुख्य कार्यक्रम अंशतः प्रतिकाराचा, म्हणजे तांबेरा येऊ देऊन त्याची गती मंदावणाऱ्या गुणाचा असावा आणि पीसी जनुक त्याच्या जोडीला असावेत. हे मत चुकीचे असेल तर ते नेमके कोठे चुकते, हे मला समजून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शी

विषय चांगला मांडला आहे. जनुक वारंवार का हरतात हे समजण्यासाठी आधी बुरशीचे जीवनचक्र पाहावे लागेल, म्हणून ते थोडक्यात लिहितो.

ओटच्या पानावर आपल्याला दिसणारी नारिंगी पुटकुळी हा उन्हाळी बीजाणूंचा फोड असतो. हे बीजाणू वाऱ्याने उडून पुन्हा ओटवरच पडतात, ओलसर पानावर रात्रीत रुजतात, पर्णरंध्रातून आत शिरतात आणि हवामान अनुकूल असेल तर सात ते दहा दिवसांत नवा फोड फुटतो. ओटच्या एका हंगामात अशा अनेक पिढ्या होतात. या अवस्थेत बुरशीच्या प्रत्येक पेशीत दोन स्वतंत्र केंद्रके असतात. हंगाम संपत आला की त्याच फोडांच्या जागी काळे हिवाळी बीजाणू तयार होतात. त्यांच्यापासून वसंतात निघणारे बीजाणू ओटवर वाढू शकत नाहीत. त्यांना बकथॉर्न, म्हणजे ऱ्हॅम्नस प्रजातीचे झुडूप लागते. बुरशीचे लैंगिक पुनरुत्पादन त्या झुडपाच्या पानावर होते आणि तेथून सुटलेले बीजाणू पुन्हा ओटवर येतात.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. यजमानाचा जनुक बुरशीतील विशिष्ट प्रथिनाला ओळखतो आणि ओळख पटली की पानाची ती पेशी स्वतःला मारून बुरशीची उपासमार करते, कारण तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच जगते. अंबाडीच्या नव्हे, तर जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात मांडलेले ‘जनुकास जनुक’ हे तत्त्व हेच सांगते. (अंबाडीचा उल्लेख मुद्दाम केला, फ्लॅक्सचे भाषांतर ‘अंबाडी’ असे केलेले पुष्कळदा वाचनात येते आणि दर वेळी डोळ्यांना खुपते.) आता, ते ओळखले जाणारे प्रथिन बुरशीने बदलले किंवा गमावले की यजमानाचा जनुक आंधळा होतो. दोन केंद्रकांपैकी एकातच ते ओळखीचे रूप असेल, तर एकच उत्परिवर्तन पुरते. आणि बकथॉर्नवर तर उत्परिवर्तनाचीही वाट पाहावी लागत नाही, कारण वेगवेगळ्या रेसमधील रूपे तेथे दर वर्षी नव्याने पिसली जातात.

दूर्वा

मी या क्षेत्रातली नाही, परंतु वाचताना एक शंका आली. बकथॉर्न नसेल तर बुरशीचे लैंगिक चक्रच तुटते, असे दिसते. मग पैदाशीवर इतकी वर्षे घालवण्यापेक्षा ते झुडूप काढून टाकणे सोपे नाही का? गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्यासाठी अमेरिकेत असे काही झाले होते, असे अंधुक आठवते.

सूक्ष्मदर्शी

@दूर्वा, आपली आठवण बरोबर आहे. १९१६ च्या मोठ्या साथीनंतर अमेरिकेत १९१८ पासून बार्बेरीचे झुडूप, म्हणजे आपल्या दारुहळदीच्याच प्रजातीतील युरोपीय जात, मोहीम काढून उपटले गेले. त्याचा लाभ खरोखर झाला. वसंतातल्या लवकरच्या लागणी घटल्या आणि गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्यात रेसचे वैविध्य कमी झाले. तीच बार्बेरी ओटच्या खोडावरील तांबेऱ्याचीही पर्यायी यजमान असल्यामुळे ओटलाही त्याचा फायदा मिळाला.

बकथॉर्नच्या बाबतीत अडचणी दोन आहेत. युरोपातून कुंपणासाठी आणलेले हे झुडूप उत्तर अमेरिकेच्या रानात इतके पसरले आहे की पक्षी त्याच्या बिया नेऊन टाकतील तेथे ते उगवते. दुसरे म्हणजे, उन्हाळी बीजाणूंना बकथॉर्नची गरजच नसते. टेक्साससारख्या दक्षिणेकडील सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशात ते ओटवरच तग धरतात आणि पीक जसजसे उत्तरेकडे वाढत जाते, तसतसे वाऱ्याबरोबर त्याच्यामागे सरकतात. झुडूप काढल्याने स्थानिक प्रादुर्भाव उशिरा सुरू होईल, नव्या रेस तयार होण्याची गती कमी होईल. रोग मात्र संपणार नाही. शिवाय शेताच्या कडेचा रानटी ओट, म्हणजे अव्हेना फॅटुआ, हादेखील बुरशीला आसरा देतोच.

जुना_पेरा

या चर्चेत व्हिक्टोरियाचे नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. प्रतिकाराच्या पैदाशीचा इतिहास शिकवताना मी नेहमी येथूनच सुरुवात करीत असे.

व्हिक्टोरिया हे ओटचे वाण १९२७ मध्ये दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेत आणले गेले. मुकुट तांबेऱ्याविरुद्धचा त्याचा प्रतिकार फारच चांगला होता. त्याचा संकर रिचलँडसारख्या स्थानिक वाणांशी करून टामा, बून, व्हिकलँड अशी वाणे तयार झाली आणि १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात मध्य-पश्चिमेच्या ओट पट्ट्यात ती झपाट्याने पसरली. तांबेरा हटला, उत्पादन वाढले, सर्व काही मनासारखे झाले. मग खोडाचा बुंधा काळा पडून रोपे कोलमडू लागली, पाने करपू लागली. फ्रान्सिस मीहान आणि एच. सी. मर्फी यांनी १९४६ मध्ये या करप्याची कारक बुरशी वर्णन केली आणि तिला हेल्मिंथोस्पोरियम व्हिक्टोरी असे नाव दिले, कारण ती व्हिक्टोरियाच्या वंशजांखेरीज कोणालाच त्रास देत नव्हती. ही बुरशी व्हिक्टोरिन नावाचे विष सोडते आणि ते विष अत्यल्प प्रमाणातही त्या वाणांना पुरते मारते; इतर ओट त्याच विषात निर्धास्त वाढतात. काही वर्षांतच ही सारी वाणे शेतातून काढून टाकावी लागली.

या प्रकरणाचे मर्म पुढे उलगडले. तांबेऱ्याला रोखणारा पीसी २ हा जनुक आणि करप्याला बळी पाडणारा व्हीबी हा जनुक आजवर कोणत्याही प्रयत्नात एकमेकांपासून वेगळे करता आलेले नाहीत. १९५५ मध्ये व्हीलर आणि ल्यूक यांनी प्रचंड संख्येने रोपे व्हिक्टोरिनमध्ये वाढवून त्यातून वाचणारी रोपे निवडण्याचे तंत्र वापरले. निवडीचे इतके निर्दय आणि इतके स्वस्त साधन पैदासकाराला क्वचितच मिळते. पुढे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या वनस्पतीत व्हिक्टोरिनला बळी पाडणारा जनुक २००७ मध्ये सापडला, तेव्हा तो प्रतिकाराच्या जनुकांच्याच कुळातला निघाला. जिवंत पेशीवर जगणाऱ्या तांबेऱ्याला पेशीचा मृत्यू रोखतो. मृत पेशीवर जगणाऱ्या करप्याला तोच मृत्यू आयते जेवण वाढतो. दरवाजाला लावलेली घंटा चोरानेच वाजवून घरातल्यांना बाहेर काढावे, तसा हा प्रकार आहे.

वाटाणा

व्हिक्टोरियाची कथा मला मान्य आहे, परंतु तिच्यातून पर्णध्वज यांचे मत सिद्ध होत नाही. एक जनुक एकटा सोडला आणि सगळ्या पट्ट्यात तोच पेरला, ही चूक पैदाशीच्या व्यवस्थापनाची होती. जनुक वाईट होता म्हणून मोठे जनुकच टाळावेत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

उपाय जनुकांची रास रचण्याचा आहे. एकाच वाणात तीन अक्षुण्ण, म्हणजे बुरशीपुढे अजून न हरलेले, जनुक एकदम घातले, तर बुरशीला त्या तिन्हींवर एकाच वेळी मात करणारे बदल करावे लागतील आणि तसे होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. आजवर आपण जनुक एकेक करून खर्च केले. पहिला हरल्यावर दुसरा आणला, म्हणजे बुरशीला पायऱ्या बांधून दिल्या. पूर्वी याला इलाज नव्हता, कारण एका प्रभावी जनुकाचे रोप आणि दोन प्रभावी जनुकांचे रोप डोळ्यांना सारखेच दिसते. आता जनुकाजवळची डीएनए खूणचिठ्ठी पाहून रोप लहान असतानाच दोन्ही आहेत की नाही हे सांगता येते. ओटचा संदर्भ जीनोम २०२२ मध्ये सांग या स्वीडिश वाणावरून प्रसिद्ध झाल्यापासून हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. हे पीक षट्गुणित आहे, म्हणजे त्यात गुणसूत्रांचे सहा संच असतात, त्याची गुणसूत्रे ४२ आहेत आणि जीनोम सुमारे ११ अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या तिपटीहून मोठा आहे, हे लक्षात घेतले तर या नकाशाचे मोल कळेल.

पर्णध्वज

@वाटाणा, रास रचण्याला माझा विरोध नाही, परंतु तिचा हिशेब आपण म्हणता तितका सरळ नाही. माझ्या तीन शंका आहेत.

पहिली शंका परस्परविरोधाची. पीसी ३८ हा जनुक सोबत असेल तर पीसी ६२ आणि पीसी ९४ यांचा प्रतिकार दबून जातो, असे संकरांतून दिसून आले आहे. पीसी ३८ कॅनडातल्या कित्येक वाणांत आधीपासून ठाण मांडून बसलेला होता. म्हणजे पीसी ९४ आणायचा तर आधी पीसी ३८ काढायचा, असे उलटे काम करावे लागते. बेरीज करायला जावे आणि वजाबाकी हाती यावी, अशी ही गत आहे.

दुसरी शंका अशी की आपण ज्यांना अक्षुण्ण म्हणतो, त्यांपैकी कितीतरी जनुक एखाद्या वाणात एकटे पेरले जात असतात. आपल्या राशीतले तीन जनुक शेजारच्या प्रदेशात तीन स्वतंत्र वाणांत असतील, तर बुरशी तेथे एकेक शिकून बकथॉर्नवर ते सारे एकत्र करील. रास टिकवायची तर तिच्यातले जनुक इतर कोणी एकटे वापरायचे नाहीत, अशी शिस्त लागेल. ही शिस्त वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पैदासकारांकडून आणि वेगवेगळ्या व्यापारी हितांतून पाळली जाईल, यावर माझा विश्वास नाही.

तिसरी शंका बुरशीच्या इतिहासाची. अमेरिकेत १९९० आणि २०१५ या दोन वर्षांतल्या मुकुट तांबेऱ्याच्या नमुन्यांच्या जीनोमची तुलना झाली आहे. नंतरच्या नमुन्यांची अधिकाधिक पीसी जनुकांवर मात करण्याची क्षमता स्पष्टपणे वाढलेली दिसली. पाव शतकात शत्रूने आपल्या शिदोरीचा एवढा मोठा भाग फस्त केला असेल, तर त्याच प्रकारची आणखी शिदोरी बांधण्याआधी थांबून विचार करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोंडा

मी दाण्याच्या गुणवत्तेच्या बाजूने येतो, त्यामुळे माझा प्रश्न कदाचित स्वार्थी वाटेल. तांबेरा पानावर येतो, पण आम्हाला तो दाण्यात दिसतो. ध्वजपर्ण, म्हणजे सर्वात वरचे पान, आणि त्याखालचे पान दाणा भरण्याच्या काळात जळाले की दाणा चिमतो, ठरावीक मापातले वजन घटते आणि दळताना टरफलाचे प्रमाण वाढते. गाडीभर धान्य घेऊन त्यातून मिळणारे खरे ओट कमी भरतात. पर्णध्वज यांचा मंद तांबेरा म्हणजे शेवटी ‘थोडा तांबेरा’ असेल, तर तो थोडा किती? पानाचा पाव भाग व्यापला तर आम्हाला चालेल. अर्धा व्यापला तर तो प्रतिकार कागदावरचाच राहील.

शिवाय प्रतिकार हा एकच गुण घेऊन वाण चालत नाही. हायफाय नावाचे वाण पीसी ९१ साठी जितके ओळखले गेले, तितकेच त्याच्या दाण्यातील अधिक बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूसाठीही. पैदासकाराने एका हाताने तांबेरा धरावा आणि दुसऱ्या हातातून दाणा सोडून द्यावा, असे होऊ नये.

पर्णध्वज

@कोंडा, प्रश्न स्वार्थी मुळीच नाही. प्रतिकाराची व्याख्याच या प्रश्नावर ठरते.

अंशतः प्रतिकाराचे तीन घटक असतात. लागण झाल्यापासून पहिला फोड फुटेपर्यंतचा काळ लांबतो, एका पानावर फोड कमी येतात आणि आलेले फोड लहान राहून कमी बीजाणू सोडतात. प्रत्येक घटकाचा परिणाम स्वतंत्रपणे पाहिला तर किरकोळ वाटतो. परंतु बुरशी हंगामात पिढ्यांमागून पिढ्या करते आणि प्रत्येक पिढीला हा किरकोळ परिणाम गुणाकाराने लागतो. फोड फुटण्यास आठऐवजी बारा दिवस लागले, तर दाणा भरण्याच्या काळात बसणाऱ्या पिढ्याच कमी होतात. त्यामुळे शेवटचे पान पाव भागापर्यंत जळते की अर्ध्याहून अधिक, हे प्रामुख्याने या गतीवर ठरते. मिनेसोटातील एमएन ८४१८०१ या वंशावळीत असा प्रतिकार आढळला. रोपावस्थेत तांबेरा लागू देणारी ही ओळ (म्हणजे पैदाशीतील एकसारख्या रोपांचा वंश) प्रौढ अवस्थेत मात्र चांगली टिकते. त्यामागे एकाहून अधिक जनुकक्षेत्रे आहेत आणि हा गुण संततीत बऱ्यापैकी उतरतो, म्हणजे निवडीला प्रतिसाद देतो.

त्यामुळे आपला आकडा ठरवताना पानाचा एका दिवशीचा व्यापलेला भाग पाहू नये. हंगामभर चार-पाच वेळा नोंद घेऊन त्या नोंदींच्या आलेखातील वक्राखालचे क्षेत्र काढावे. तेच वजनघटीशी अधिक चांगले जुळते.

दूर्वा

या विषयाच्या संदर्भात ‘बहुओळ वाण’ हा शब्दप्रयोग मी इतरत्र वाचला होता. एकाच शेतात वेगवेगळ्या प्रतिकाराच्या ओळी मिसळून पेरायच्या, असा त्याचा अर्थ असेल, तर तो वाटाणा आणि पर्णध्वज या दोघांच्या मध्ये बसणारा मार्ग नाही का?

जुना_पेरा

@दूर्वा, अगदी योग्य जागी बोट ठेवलेत. ओटमध्ये ही कल्पना नील जेन्सन यांनी १९५२ मध्ये मांडली. नंतर आयोवात आर्टी ब्राउनिंग आणि केनेथ फ्राय यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि १९६८ पासून बहुओळ वाणे प्रसारित केली. उंची, पक्वता आणि दाणा सारखा, परंतु प्रतिकाराचा जनुक मात्र वेगवेगळा, अशा ओळींचे ते मिश्रण असे. एका रोपावरचा बीजाणू शेजारच्या रोपावर पडतो तेव्हा तेथला जनुक बहुधा त्याला ओळखतो. म्हणजे बरेच बीजाणू वाया जातात आणि साथ मंदावते. एकाही ओळीत अंशतः प्रतिकार नसताना सगळे शेत मंद तांबेऱ्याच्या वाणासारखे वागते, ही त्यातली गंमत आहे.

ब्राउनिंग यांना या विचाराचे बळ निसर्गातूनही मिळाले. इस्रायलमध्ये अव्हेना स्टेरिलिस हा रानटी ओट, मुकुट तांबेरा आणि तेथली ऱ्हॅम्नसची झुडपे हजारो वर्षे एकत्र नांदत आहेत. आपले कित्येक पीसी जनुक, त्यात पीसी ३८ आणि पीसी ३९ सुद्धा, याच रानटी जातीतून आलेले आहेत. आयझॅक वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथल्या रानटी गवतांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथे सर्व रोपे प्रतिकारक नसतात. काही पूर्ण प्रतिकारक, काही मंद तांबेऱ्याची, काही सपशेल बळी पडणारी, अशी सरमिसळ असते आणि तरीही तेथे शेतातल्यासारखी साथ येत नाही. आपण तेथून जनुक उचलून आणले, ते ज्या व्यवस्थेत राहत होते ती व्यवस्था मात्र मागे ठेवली.

बहुओळ वाण फार काळ का चालले नाहीत, याचे उत्तर कष्टात आहे. प्रत्येक ओळ वारंवार उलटसंकर करून, म्हणजे संततीचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून, तयार करावी लागते. ती तयार होईपर्यंत मूळ वाणच उत्पादनात मागे पडलेले असते. हा दोष कल्पनेचा नसून वेळेचा आहे.

वाटाणा

वेळेची अडचण आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. ओट हे दीर्घ दिवसाचे पीक असल्यामुळे दिव्यांखाली दिवसाची लांबी वाढवून वर्षाला अनेक पिढ्या घेता येतात. खूणचिठ्ठीने उलटसंकरात फक्त हवी ती रोपे ठेवता येतात. द्विगुणित एकगुणितांचा, म्हणजे गुणसूत्रांचा निम्मा संच असलेले रोप घेऊन तो संच दुप्पट करण्याचा, मार्गही आहे: ओटच्या फुलावर मक्याचा पराग टाकला की मक्याची गुणसूत्रे बहुधा गळून जातात आणि ओटचा एकगुणित भ्रूण उरतो. यश मात्र फार कमी येते आणि काही वेळा मक्याचे एखादे गुणसूत्र ओटमध्येच मुक्कामाला राहते. मिनेसोटात अशा ओट-मका ओळींचा उपयोग मक्याच्या जीनोमच्या अभ्यासासाठी झाला. तांबेऱ्याच्या कामात ती नको असलेली पाहुणी असली, तरी ऐकायला सुरस कथा आहे.

एका बाबतीत मात्र पर्णध्वज यांच्या बाजूने बोलावे लागेल. रानटी जातीतून जनुक आणताना त्याच्यासोबत मोठा तुकडा येतो आणि ओटच्या गुणसूत्रांत झालेल्या मोठ्या अदलाबदलींमुळे काही भागांत पुनर्संयोग, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल, जवळजवळ होतच नाही. पीसी ९१ साठी अव्हेना मॅग्ना आणि अव्हेना लाँगिग्लुमिस यांच्यापासून आधी अमॅगलॉन हा कृत्रिम षट्गुणित बनवावा लागला, तेव्हा कुठे तो लागवडीच्या ओटशी जुळला. तुकड्यात उत्पादन घटवणारे काही आले असेल, तर ते सुटे करणे अवघड जाते. रास रचायची तर प्रत्येक जनुकाचा हा छुपा खर्चही त्यात धरायला हवा.

सूक्ष्मदर्शी

आता मला एक प्रत्यक्ष कामाची शंका मांडू द्या, कारण मंद तांबेऱ्याची स्तुती करताना ती नेहमी विसरली जाते. शेतातील एखादी ओळ ‘मंद’ दिसते, ती खरोखर मंद आहे हे कसे ठरवायचे?

काचघरात दहा दिवसांच्या रोपांवर हलक्या खनिज तेलात मिसळलेले बीजाणू फवारतो, रात्रभर दमट कक्षात ठेवतो आणि सुमारे दोन आठवड्यांनी शून्य ते चार अशा श्रेणीने नोंद करतो. तेथे प्रत्येक रेस स्वतंत्र असते, म्हणून निकाल स्वच्छ मिळतो. शेतात मात्र अनेक रेसचे मिश्रण असते. एखाद्या ओळीत असा पीसी जनुक असला की जो त्या मिश्रणातील निम्म्या बीजाणूंना रोखतो, तर त्या ओळीवर फोड निम्मे येतात आणि ती अगदी मंद तांबेऱ्यासारखी दिसते. आपण तिला अंशतः प्रतिकारक समजून निवडतो. दोन-तीन वर्षांत रेसचे प्रमाण बदलते आणि ओळ पूर्ण जळते. एकदा अशी ओळ मीच मोठ्या विश्वासाने पुढच्या चाचणीत पाठवली होती. त्या वर्षीच्या नोंदवहीचे पान आजही उघडावेसे वाटत नाही.

याच्या भरीस पक्वतेचा घोळ आहे. लवकर पक्व होणारी ओळ साथ भरात येण्यापूर्वीच सुटून जाते, तर उशिराची ओळ एका ठरावीक दिवशी कोवळी असल्यामुळे स्वच्छ दिसते. दोघींनाही प्रतिकारक म्हटले जाते आणि दोघीही तशा नसतात.

पर्णध्वज

ही शंका माझ्या प्रस्तावातील सर्वात कमकुवत दुव्यावर आहे, हे मान्य करतो. मला सुचलेली रीत अशी: शेतात निवडण्यापूर्वी प्रत्येक ओळ काचघरात, त्या भागातील शक्य तितक्या रेसवर स्वतंत्रपणे तपासावी. ज्या ओळी रोपावस्थेत त्या सर्व रेसना बळी पडतात, त्यांच्यात परिणामकारक पीसी जनुक नाही, असे धरता येते. त्यातून ज्या शेतात मंद राहतील, त्याच खऱ्या अर्थाने उमेदवार. हे थोडे विचित्र वाटेल, कारण प्रतिकारक वाण शोधण्यासाठी आपण आधी बळी पडणाऱ्या रोपांचीच निवड करतो. पीसी जनुक मग शेवटी, त्या पायावर घालावा.

आपण सांगितलेल्या पक्वतेच्या घोळासाठी ओळी फुलोऱ्याच्या तारखेनुसार गटांत लावाव्यात आणि प्रत्येक गटात त्याच पक्वतेचे एक बळी पडणारे तुलना-वाण ठेवावे.

वाटाणा

या रीतीत एक भगदाड उरते. पीसी जनुक शेवटी घातला की त्याच्या आवरणाखाली मंद प्रतिकार झाकला जातो. पुढच्या पिढ्यांत तो नकळत गळून गेला, तर पीसी जनुक हरण्याच्या दिवसापर्यंत ते कोणालाच कळणार नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ व्हॅन डर प्लँक यांनी बटाट्याच्या करप्यात दाखवलेली हीच ती झीज. म्हणून ज्या रेस तो पीसी जनुक आधीच भेदतात, त्यांपैकी एक तरी जपून ठेवावी आणि प्रत्येक पिढीची चाचणी शेतात त्याच रेसने करावी.

सूक्ष्मदर्शी

जपण्याचे काम अवघड नाही. उन्हाळी बीजाणू वाळवून उणे ऐंशी अंशांवर ठेवले तर ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात. फक्त बाहेर काढल्यावर त्यांना काही मिनिटे सुमारे पंचेचाळीस अंशांची ऊब द्यावी लागते, अन्यथा ते रुजत नाहीत. खरी अडचण शेतात येते. भेदक रेस मुद्दाम मोकळ्यावर सोडायची म्हणजे शेजारच्या शेतांना ती भेट देणे. ती रेस त्या भागात आधीच सर्वत्र असेल तरच हे करावे, नाही तर प्रौढ रोपांची ही चाचणी बंदिस्त काचघरात, ध्वजपर्ण उघडल्यावर घ्यावी. त्यासाठी जागा जास्त लागते, म्हणून एका वेळी चाळीस-पन्नास ओळींपेक्षा अधिक घेता येणार नाहीत.

पर्णध्वज

चाळीस-पन्नास पुरतील. ही चाचणी अगदी शेवटच्या टप्प्यातील ओळींचीच करायची असल्याने संख्या तेवढीच राहील. फोड फुटेपर्यंतचे दिवस मोजताना आपण ध्वजपर्णावरील पहिला फोड धरता की निम्मे फोड फुटल्याचा दिवस, हे कळवावे; दोन्ही पद्धतींनी काढलेले आकडे एका तक्त्यात मिसळता येणार नाहीत.

सूक्ष्मदर्शी

निम्मे फोड फुटल्याचा दिवस. पहिला फोड हा पुष्कळदा एखाद्या जाड थेंबाखाली पडलेल्या बीजाणूंचा असतो. पानाच्या मधल्या भागात शाईने एक चौकोन आखावा, त्यातले फिकट ठिपके आधी मोजावेत आणि मग रोज ठरलेल्या वेळी फुटलेले फोड मोजत जावे.